टीबीची सवय, पेशींचा नमुना: फुफ्फुसाच्या सायटॉलॉजीसाठी बेडका घ्यावा कसा, स्मिअर करावा कसा, वाचावा कसा

एक्स-रेवर डाग आहे, टीबीची तपासणी निगेटिव्ह आली आहे, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय: ‘बेडका, सायटॉलॉजीसाठी’, म्हणजे त्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी. त्यानंतर तालुक्याहून जे काही पॅथॉलॉजीच्या टेबलावर येतं ते बरेचदा वाचण्याजोगं नसतं. डबीत नुसती लाळ असते. काचपट्टी ज्योतीवर शेकलेली असते. नावाची शाई स्पिरिटमध्ये धुऊन गेलेली असते. मग रिपोर्ट जातो: ‘नमुना अपुरा’. तो घेऊन नातेवाईक परत गावी जातात, आणि पुढचा नमुना येतो तोही तसाच.

यात हलगर्जीपणा कमी आणि सवय जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या तंत्रज्ञाचा हात टीबीच्या कामात तयार झालेला असतो. स्मिअर करायचा (म्हणजे काचपट्टीवर बेडक्याचा पातळ थर पसरायचा), वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा, मग रंगवायचा. टीबीच्या जंतूला मेणचट आवरण असतं, त्यामुळे वाळवलं आणि शेकलं तरी त्याचं रूप टिकतं. माणसाच्या पेशीला असं कवच नसतं. ती वाळली की फुगते, केंद्रक धुरकट होतं, आणि ज्या बारकाव्यांवरून कॅन्सर ओळखायचा ते बारकावेच पुसले जातात. म्हणजे तिथे बरोबर असलेली पायरी इथे नमुना मारते.

हा लेख मुख्यतः मराठवाड्यातल्या तालुका-जिल्हा पातळीवरच्या तंत्रज्ञांसाठी आणि डॉक्टरांसाठी आहे. तिसरा आणि चौथा टप्पा मात्र पेशंटच्या घरच्यांनीही वाचावा.

## टप्पा १: ही तपासणी कोणासाठी, ते आधी ठरवा

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी टीबीची तपासणी, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते आणि तो क्रम मोडू नये. सायटॉलॉजीचा विचार पुढल्या पेशंटमध्ये करा:

- बेडक्यात रक्त पडतंय, पण टीबी सापडत नाही.
- वय चाळिशीच्या पुढे, वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट, आणि एक्स-रेवर गाठ किंवा फुफ्फुसाचा एक भाग बसलेला.
- आवाज बसलाय, वजन उतरतंय, छातीत पुन्हा पुन्हा पाणी होतंय.
- जंतूचा पुरावा नसताना टीबीची औषधं सुरू केली, आणि दोन महिने होऊनही डाग तसाच आहे किंवा वाढलाय.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण इथेच माणसं हातची जातात. आपल्याकडे टीबी इतका आहे की डाग दिसला की टीबीच, असं मनात बसलेलं असतं. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण होऊ दे, मग बघू, असं म्हणत बसलं तर गाठ तेवढ्यात पुढे निघून जाते. उलटंही खरं आहे: टीबी आणि कॅन्सर एकाच फुफ्फुसात असू शकतात. टीबी सापडला म्हणून संशय संपत नाही.

तपासा: चिठ्ठीवर फक्त ‘बेडका’ लिहिलंय का? मग डॉक्टरांना फोन करून विचारा, टीबीसाठी की पेशींसाठी. दोन्हीसाठी हवा असेल तर दोन वेगळ्या डब्या लागतील. कारण पुढे चौथ्या टप्प्यात आहे.

## टप्पा २: सगळी तयारी आदल्या दिवशी

नमुना आल्यावर अल्कोहोल शोधत बसलात तर काम बिघडलंच म्हणून समजा. मे महिन्यात परभणी-जालन्याच्या उन्हात पातळ स्मिअर काही सेकंदांत वाळतो. आधी मांडून ठेवायच्या गोष्टी:

1. रुंद तोंडाच्या, फिरकीच्या झाकणाच्या, स्वच्छ आणि कोरड्या डब्या. एका पेशंटला तीन.
2. एका टोकाला खरखरीत पट्टी असलेल्या काचपट्ट्या. नाव आणि नंबर शिसपेन्सिलीनेच. पेन आणि मार्करची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.
3. झाकणाच्या कॉपलिन जारमध्ये ९५ टक्के इथाइल अल्कोहोल. ते मिळायला परवान्याची अडचण असेल तर १०० टक्के मिथेनॉल किंवा ८० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालतं. हाताचं सॅनिटायझर चालत नाही.
4. डबीतला नमुना टिकवायचा असेल तर ५० टक्के अल्कोहोलची वेगळी बाटली.
5. पेट्री डिश, तिच्याखाली ठेवायला काळा कागद, लाकडी काड्या, काही कागदी क्लिपा.
6. एन-९५ मास्क, हातमोजे, जंतुनाशकाचं भांडं.

सावधान: जार दिवसभर उघडा राहिला की अल्कोहोल उडतं, त्यात बेडक्यातलं पाणी मिसळत जातं आणि ९५ चे ८० टक्के कधी झाले ते कळत नाही. झाकण लावा, वापरलेलं अल्कोहोल गाळा आणि ठरावीक वेळी बदला.

चिठ्ठीवर वय आणि नाव याशिवाय हे हवंच: बिडी, तंबाखू, मिश्री, काम काय (जिनिंग, खडी क्रशर, भट्टी, चुलीपुढचं आयुष्य), टीबीचं औषध आत्ता किंवा पूर्वी, रेडिएशन किंवा केमो झालंय का, डाग कुठल्या बाजूला, वर की खाली. रेडिएशन झालेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली भयंकर दिसतात. ही एक ओळ राहिली तर वाचणारा फसतो.

## टप्पा ३: पेशंटला समजावून सांगा

तपासणीचं यश निम्मं इथे ठरतं, आणि इथेच आपण सर्वात कमी वेळ देतो. डबी हातात देऊन “यात थुंकून आणा” एवढंच म्हटलं तर पेशंट थुंकूनच आणतो. त्याचा त्यात दोष नाही. असं सांगून पाहा:

“मामा, तोंडातली लाळ नकोय मला. छातीतून वर येतो तो बेडका पाहिजे. आज रात्री झोपताना दोन तांबे पाणी प्या. सकाळी उठल्या उठल्या, चहा नाही, बिडी नाही, तंबाखू नाही. आधी साध्या पाण्यानं तीन-चार गुळण्या करा. कवळी असेल तर काढून ठेवा. मग अंगणात, माणसांपासून लांब बसा. खोल श्वास घ्या, दोन क्षण धरा, सोडा. असं चार-पाच वेळा करा. मग पोटातून जोर लावून खोका. जे वर येईल ते डबीत.”

मग त्यांच्याकडून ते परत वदवून घ्या. बरोबर आलेल्या मुलाला किंवा सुनेलाही ऐकवा, कारण पहाटे आठवण तेच करून देणार आहेत.

मिश्री लावणाऱ्या मावशींना वेगळं सांगावं लागतं, कारण मिश्री म्हणजे त्यांच्या लेखी दात घासणं. “मिश्री लावू नका” म्हणण्याऐवजी “डबी भरून झाल्यावर लावा” म्हटलं की त्या ऐकतात. तंबाखूच्या पानाचे तुकडे आणि अन्नाचे कण नमुन्यात आले तर सूक्ष्मदर्शकाखाली ते कसा घोळ घालतात, ते आठव्या टप्प्यात येईल.

तीन सकाळ, तीन डब्या. एकाच दिवशी तीन वेळा नाही, आणि तीन दिवसांचा एकाच डबीत साठवूनही नाही. गाठीवरून पेशी रोज गळतात असं नाही, म्हणून एका नमुन्यावर निकाल ठरवता येत नाही. बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या बाबतीत तर हे अगदी नेमाने करा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्यावर निघाली की तो माणूस उन्हाळ्यापर्यंत हाती लागत नाही. तिन्ही नमुने निघण्याआधी पदरात पाडून घ्या.

## टप्पा ४: नमुना घेणं आणि लगेच तपासणं

डबी हातात आली की झाकण लावलेलं असतानाच उजेडात धरा. पाण्यासारखं पातळ, फेसाळ, बुडबुडे असलेलं असेल तर ती लाळ आहे. घट्ट, चिकट, पिवळसर-पांढरा किंवा रक्ताच्या रेषा असलेला असेल तर बेडका. लाळ असेल तर तिथल्या तिथे परत करायला सांगा. पेशंट गावी गेल्यावर ‘अपुरा’ कळवण्यात काही अर्थ नाही.

बेडका येतच नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत ३ टक्के मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन देऊन काढता येतो. दम्याच्या पेशंटला याने श्वासनळ्या आवळून धाप लागू शकते, म्हणून आधी साल्ब्युटामॉल आणि शेजारी ऑक्सिजन असल्याशिवाय हे करू नये. खोलीची दारं-खिडक्या उघडी हवीत आणि मास्क हवाच. निघालेला नमुना पातळ दिसतो. त्याला लाळ समजून टाकून देऊ नका, आणि चिठ्ठीवर ‘नेब्युलायझेशननंतर’ असं लिहा.

आता दोन डब्यांचं कारण. सायटॉलॉजीच्या नमुन्यात अल्कोहोल घालावं लागलं तर तो टीबीच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून करायच्या तपासणीला, निरुपयोगी होतो. आणि टीबीच्या डबीत शिल्लक राहिलेला, तासन् तास उन्हाळ्यात पडलेला बेडका पेशींसाठी निरुपयोगी असतो. एकात दोन्ही भागवायला गेलं की दोन्ही हातचं जातं.

सावधान: बेडक्यात फॉर्मेलिन घालू नका. बायोप्सीच्या तुकड्याला फॉर्मेलिन लागतं, म्हणून हाताशी असलेली तीच बाटली ओतली जाते. फॉर्मेलिनमधल्या पेशी पॅप (पॅपनिकोलाऊ) पद्धतीने नीट रंगत नाहीत.

## टप्पा ५: पाठवणं

जागेवर स्मिअर होणार असेल तर ताजा बेडका दोन-तीन तासांत टेबलावर हवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं की पेशी फुटतात.

घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय), अंबाजोगाई, नांदेड किंवा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवायचं असेल तर दोन वाटा आहेत. पहिली: डबीत बेडक्याइतकंच ५० टक्के अल्कोहोल घालून नीट हलवून पाठवणं. इथे ९५ टक्के ओतू नका. तीव्र अल्कोहोलने बेडक्यातला चिकट श्लेष्मा आतल्या पेशींसकट आवळून घट्ट होतो आणि मग तो पसरता येत नाही. दुसरी वाट मला जास्त भरवशाची वाटते: स्मिअर तुमच्याकडेच करा, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा तास ठेवा, बाहेर काढून कोरडे होऊ द्या, आणि स्लाइडच्या पेटीत घालून पाठवा. फिक्स झाल्यानंतर, म्हणजे अल्कोहोलने पेशी आहे त्या रूपात पक्क्या झाल्यावर, वाळलं तर नुकसान नाही. फिक्स होण्याआधी वाळलं तर सगळंच नुकसान.

डबी उभी, झाकणावर चिकटपट्टी, बाहेरून दुसरी पिशवी, चिठ्ठी वेगळ्या पिशवीत. एसटीने पार्सल पाठवत असाल तर कोण उतरवून घेणार ते आधी फोनवर ठरवा. नाव डबीवर लिहा, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात.

## टप्पा ६: स्मिअर

या टप्प्यावर सगळ्यात जास्त नमुने मरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

1. पंखा बंद करा. हवेचा झोत आणि अल्कोहोल यांच्या शर्यतीत पंखाच जिंकतो. शक्य असेल तर बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये काम करा. अल्कोहोलच्या जारचं झाकण आधीच काढून जार हाताच्या अंतरावर ठेवा.
2. बेडका पेट्री डिशमध्ये ओता, खाली काळा कागद ठेवा. काळ्यावर पांढरे-करडे तंतू, रक्ताच्या रेषा, रवाळ तुकडे उठून दिसतात. पारदर्शक, बुळबुळीत भाग सोडून द्या.
3. दोन काड्यांनी बेडका हलकेच विलग करा आणि किमान तीन-चार वेगळ्या ठिकाणांहून तांदळाच्या दाण्याएवढा भाग उचला. आधी रक्ताची रेषा, मग तंतू, मग तुकडे. सगळे स्मिअर एकाच गोळ्यातून केले तर चार स्लाइड असूनही नमुना एकच झाला.
4. दाणा काचपट्टीवर ठेवा, वर दुसरी पट्टी ठेवून हलका दाब द्या आणि दोन्ही विरुद्ध दिशांना ओढा. थर पातळ आणि सलग हवा. जोरात रगडलं तर केंद्रकं फाटून निळ्या रेघा उरतात. स्मॉल सेल कॅन्सरच्या पेशी मुळातच इतक्या नाजूक असतात की साध्या दाबानेही चिरडतात.
5. लगेच, त्याच क्षणी, ओली असतानाच काचपट्टी अल्कोहोलमध्ये सोडा. सगळ्या पट्ट्या करून एकदम बुडवू असं करू नका. एक झाली की एक.
6. एकाआड एक पट्टीला कागदी क्लिप लावा, म्हणजे त्या जारमध्ये एकमेकींना चिकटत नाहीत.
7. किमान १५ मिनिटं, शक्यतो अर्धा तास बुडवून ठेवा. एका नमुन्याच्या कमीत कमी चार स्लाइड.

सावधान: ज्योत नाही. स्पिरिटचा दिवा त्या टेबलावर ठेवूच नका. अल्कोहोलच्या उघड्या जारशेजारी तो तसाही धोक्याचा आहे.

सावधान: नमुना कॅन्सरच्या संशयाने आला असला तरी त्यात टीबीचे जंतू असू शकतात. डबी उघडताना मास्क हवा. अल्कोहोल घातलं म्हणजे जंतू मेले असं गृहीत धरू नका.

तपासा: स्लाइड अल्कोहोलमधून काढल्यावर मध्यभागी दुधाळ आणि कडेला पारदर्शक, खवल्यांसारखी दिसते का? तर कडा आधीच वाळल्या होत्या. पुढच्या वेळी हात लवकर चालवा किंवा थर अगदी पातळ करू नका.

## टप्पा ७: रंगवणं

पॅपनिकोलाऊ रंगक्रिया प्रत्येक प्रयोगशाळेत आपापल्या वेळापत्रकाने चालते, म्हणून मिनिटांचा तक्ता देत नाही. क्रम तेवढा पक्का: पाण्याकडे नेणं, हिमॅटॉक्सिलिन, जादा रंग सौम्य आम्लाने काढणं, पाण्यात निळसर करणं, ९५ टक्के अल्कोहोल, ओजी-६ (पेशीद्रवाचा नारिंगी रंग), अल्कोहोल, ईए (पेशीद्रवाचा दुसरा रंग), अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स (वरची पातळ काच चिकटवायला).

बेडक्याच्या आणि पाण्याच्या नमुन्यांतल्या पेशी काचेवरून सुटून रंगाच्या भांड्यात तरंगतात आणि दुसऱ्याच्या स्लाइडवर जाऊन बसतात. एखाद्याच्या निरोगी स्लाइडवर कॅन्सरचा पुंजका सापडणं याच्याइतकी भयंकर चूक नाही. म्हणून रंग रोज गाळा, आणि दाट संशयाचे नमुने सर्वात शेवटी, वेगळ्या भांड्यात रंगवा. कॅन्सरचा पुंजका स्लाइडवरच्या इतर पेशींपेक्षा वेगळ्या पातळीवर फोकस होत असेल, किंवा चारपैकी एकाच स्लाइडवर असेल, तर आधी ही शंका घ्या.

## टप्पा ८: सूक्ष्मदर्शकाखाली वाचणं

आधी नमुना पुरेसा आहे का ते पाहा. १० च्या भिंगाखाली स्लाइड ओळीने, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवा आणि वायुकोशातल्या भक्षक पेशी शोधा. प्रयोगशाळेत यांना आपण डस्ट सेल म्हणतो. या दिसल्या तर नमुना खरोखर खोल फुफ्फुसातून आलाय. चुलीपुढं आयुष्य गेलेल्या बाईच्या किंवा बिडी ओढणाऱ्याच्या बेडक्यात त्या काळ्या कणांनी गच्च भरलेल्या असतात. चारही स्लाइडवर नुसत्या तोंडातल्या चपट्या पेशी आणि जंतू असतील, डस्ट सेल एकही नसेल, तर रिपोर्ट ‘अपुरा’. ‘कॅन्सरच्या पेशी नाहीत’ असं लिहू नका. जे फुफ्फुसातून आलंच नाही त्यावरून फुफ्फुसाबद्दल काय सांगणार? अपवाद एकच: डस्ट सेल नसल्या तरी कॅन्सरच्या पेशी स्पष्ट दिसल्या तर तो रिपोर्ट द्यायचाच.

मग कॅन्सर सोडून बाकीचं पाहा. वाचणारे बरेचदा हा भाग गाळतात, आणि पेशंटला लगेच उपयोगी पडणारं उत्तर यातच असतं. इओसिनोफिल पेशी, टोकदार शार्को-लेडेन स्फटिक आणि पिळदार कुर्शमन तंतू दिसले तर दमा किंवा ॲलर्जी. लांबट एपिथेलिऑइड पेशी, कडेला अर्धवर्तुळात केंद्रकं मांडलेल्या लँगहान्स महापेशी आणि रवाळ मृत ऊती दिसल्या तर टीबी समोर ठेवा आणि झील-नील्सनसाठी (टीबीच्या जंतूंच्या रंगक्रियेसाठी) वेगळा स्मिअर मागवा. आडपडदे असलेले आणि साधारण ४५ अंशांत फांद्या फुटलेले बुरशीचे धागे ॲस्परजिलसचे असतात. रुंद, आडपडदे नसलेले, वेडेवाकडे धागे साखर वाढलेल्या पेशंटमध्ये दिसले तर म्युकरचा संशय, आणि तिथे लिहीत न बसता डॉक्टरांना फोन करा. हृदय कमजोर असलेल्या पेशंटमध्ये भक्षक पेशींत लोहाचे सोनेरी-तपकिरी कण भरलेले असतात.

आता कॅन्सर. स्क्वेमस प्रकारात भडक नारिंगी पेशी, शेपटीसारखे लांबलेले आकार, काळंकुट्ट आणि वेडंवाकडं केंद्रक. स्मॉल सेलमध्ये लहान पेशी, जवळजवळ नसलेला पेशीद्रव, बारीक रवाळ क्रोमॅटिन, आणि एकमेकींत दाबून बसलेली केंद्रकं. ॲडिनोकार्सिनोमात त्रिमितीय पुंजके, ठळक केंद्रिका (केंद्रकातला ठिपका), पेशीद्रवात पोकळ्या.

पहिले दोन प्रकार बहुधा मोठ्या श्वासनळ्यांत होतात, म्हणून बेडक्यात लवकर उतरतात. ॲडिनोकार्सिनोमा बरेचदा कडेला असतो. अभ्यासांच्या एकत्रित आकडेवारीत बेडक्याच्या सायटॉलॉजीने मधल्या गाठी सुमारे ७१ टक्के वेळा पकडल्या, कडेच्या ४९ टक्के. म्हणजे कडेच्या गाठीत निगेटिव्ह रिपोर्टला नाणं उडवण्याइतकाच आधार आहे.

इथे वाचणारे फसतात:

- *वनस्पतीच्या पेशी.* डाळ, भाजी, तंबाखूचं पान. जाड, चकाकणारी भिंत आणि कुठलाच तपशील नसलेला गडद ठिपका. भिंत दिसली की माणसाची पेशी नाही.
- *दम्यातले पुंजके.* श्वासनळीच्या पेशींचे गोल पुंजके ॲडिनोकार्सिनोमासारखे दिसतात. कडेला सिलिया, म्हणजे बारीक केसांची रांग, शोधा. ती दिसली तर कॅन्सर म्हणू नका.
- *राखीव पेशींचे घट्ट समूह.* स्मॉल सेलसारखे वाटतात, पण पेशी सारख्या आकाराच्या, नीट जुळलेल्या असतात आणि मागे मृत ऊतींचा कचरा नसतो.
- *टीबीतल्या चिडलेल्या पेशी.* पोकळीच्या भिंतीवरून गळलेल्या पेशी मोठ्या, नारिंगी, घाबरवणाऱ्या दिसतात. पण केंद्रक फिकट आणि नियमित असतं. शंका असेल तर ‘असामान्य’ म्हणा आणि नमुना पुन्हा मागवा. औषधांनी टीबी बरा होताना या पेशी ओसरतात. कॅन्सरच्या ओसरत नाहीत.
- *वाळलेला स्मिअर.* पेशी फुगलेल्या, पेशीद्रव खोटा गुलाबी-नारिंगी. अशा स्लाइडवर कॅन्सरचं निदान करू नका, नाकारूही नका. नवी मागा.

## टप्पा ९: बेडका नसेल तेव्हा इतर नमुने

छातीतलं पाणी. किमान ५० ते १०० मिलिलिटर पाठवा. दोन थेंब बल्बमध्ये (नमुन्याच्या छोट्या नळीत) पाठवून कोणाचंच भलं होत नाही. साध्या बाटलीत पाणी गोठून गुठळी होते आणि पेशी तिच्यात अडकतात, म्हणून ईडीटीए किंवा हेपरिन घातलेल्या बाटल्या वापरा आणि लगेच हलक्या हाताने उलटसुलट करा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका. एडीए (पाणी टीबीचं आहे का ते सुचवणारी चाचणी) आणि टीबीच्या इतर तपासण्यांसाठी वेगळ्या बाटल्या. कॅन्सरमुळे झालेल्या पाण्यातही पहिल्या तपासणीत सुमारे ६० टक्केच निदान होतं. पुन्हा पाणी साठलं तर पुन्हा पाठवा. दुसऱ्या वेळी साठलेल्या पाण्यात पेशी ताज्या असतात, आणि पहिल्यात न सापडलेलं बरेचदा तिथे सापडतं.

ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने श्वासनळी पाहणं. त्यातला ब्रश काचपट्टीवर घासू नका, फिरवत लोळवा, आणि लगेच अल्कोहोल. श्वासनळी धुऊन काढलेलं पाणी ताजंच पाठवा. ब्रॉन्कोस्कोपीनंतर पेशंट जो बेडका टाकतो तो बहुतेक ठिकाणी फेकला जातो. तो जपा. त्यात पेशी भरपूर असतात.

सुईने घेतलेला नमुना. सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली, आणि फुफ्फुसाबाहेर हवा साठली तर छातीत नळी घालण्याची सोय असेल तिथेच. रक्त गोठण्याचा दोष आधी तपासा. गोल, पाण्याने भरलेली गाठ असेल आणि घरात मेंढ्या-कुत्री असतील तर हायडॅटिडचा (कुत्र्यांतल्या जंतामुळे होणाऱ्या गाठीचा) संशय दूर केल्याशिवाय सुई घालू नका. गाठ फुटली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. इथे निम्म्या स्लाइड ओल्या असतानाच अल्कोहोलमध्ये जातात, आणि निम्म्या गिम्सा रंगासाठी मुद्दाम झटपट वाळवायच्या असतात. पेन्सिलीने ‘ओली’ आणि ‘वाळलेली’ असं लिहा, नाहीतर दोन्ही एकाच जारमध्ये पडतात.

## टप्पा १०: रिपोर्ट लिहिणं आणि पुढे पाठवणं

२०२२ मध्ये आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या फुफ्फुस-सायटॉलॉजी पद्धतीत पाच गट आहेत: अपुरा, सौम्य, असामान्य, कॅन्सरचा संशय, कॅन्सर. रिपोर्टवर गट स्पष्ट लिहा, आणि खाली पुढे काय करायचं तेही एका ओळीत लिहा. ‘अपुरा’ असेल तर नवा नमुना, आणि तो कसा घ्यायचा ते. ‘सौम्य’ असेल पण एक्स-रेवर गाठ असेल तर ‘या रिपोर्टने कॅन्सर नाकारला जात नाही, सीटी स्कॅन आणि ब्रॉन्कोस्कोपी करावी’. हे वाक्य नसलं की तो कागद घरी कपाटात जातो आणि वर्षभराने बाहेर येतो.

उरलेल्या पाण्यातून किंवा सुईच्या नमुन्यातून सेल ब्लॉक (पेशी मेणात बसवलेला ठोकळा) करून ठेवा. फॉर्मेलिन इथे चालतं, इथेच चालतं. ॲडिनोकार्सिनोमा आहे की स्क्वेमस, हे टीटीएफ-१ आणि पी-४० या चाचण्यांनी ठरतं, आणि ईजीएफआर, एएलके या तपासण्यांनी गोळीचं औषध लागू पडेल का ते कळतं. त्यासाठी ऊती लागतात. सगळा नमुना स्मिअरमध्ये संपवून टाकला तर पेशंटला दुसऱ्यांदा सुई सोसावी लागते.

कॅन्सरचा रिपोर्ट असेल तर पेशंटच्या हाती नुसता कागद देऊ नका. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा जिथे पाठवाल तिथे मूळ स्लाइड आणि ब्लॉक मागतात. त्या दोन्ही पेटीत घालून, नंबर ताडून, बाहेर नेल्याची नोंद रजिस्टरमध्ये करून, सही घेऊन द्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं तिथे लागतील, म्हणून आधार आणि शिधापत्रिका बरोबर ठेवायला त्याच वेळी सांगा. ‘कॅन्सर’ आणि ‘संशय’ या दोन गटांचा रिपोर्ट असेल तर पाठवणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा, आणि फोन केल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहा.